जाळरेषा कुठे आहे?

भिवंडीत राहणाऱ्याला धूर वाचता येतो. गुमताऱ्याच्या बाजूला पांढुरका, विरळ धूर दिसला की डोंगरावर गवत पेटलं. खाडीच्या अंगाला काळाकुट्ट लोट उठला की प्लास्टिक नाहीतर भंगार. पिवळट, जाड, जमिनीलगत रेंगाळणारा धूर असेल तर सुताचं किंवा चिंधीचं गोदाम, आणि मग तो दोन दिवस तरी हटायचा नाही. सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काजळी सापडली की रात्री कुठेतरी काहीतरी जळलं, हे पेपर यायच्या आधीच घरातल्या बाईला कळलेलं असतं.

गच्चीवरून शेजारी शेजारी दिसणारे हे धूर सरकारदरबारी एकमेकांना ओळखत नाहीत. डोंगरावरचा धूर वनखात्याचा. शहरातला महापालिकेचा. या दोहोंच्या मधे, नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना जो गोदामांचा पट्टा पसरला आहे, तिथला धूर नेमका कोणाचा, याची बोलणी आग विझल्यावर सुरू होतात. एकाला आपण वणवा म्हणतो, दुसऱ्याला दुर्घटना. वणवा म्हटलं की तो दरवर्षीचाच, म्हणून त्याकडे कोणी बघत नाही. दुर्घटना म्हटलं की ती अवचित झालेली, म्हणून तिला कोणी जबाबदार नाही.

एप्रिल २०२४ ते मे २०२५ या तेरा महिन्यांतल्या आगी या लेखात एका पाटावर मांडल्या आहेत. मांडताना जे जाणवलं ते आधीच सांगतो. भिवंडीतली गोदामाची आग वणव्याच्याच जातीची आहे. दोन्हींची चाल तीच. फरक इतकाच की डोंगरावरच्या आगीसाठी निदान एक शहाणपण शंभरेक वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. ते डोंगराखाली अजून उतरलेलं नाही.

तेरा महिन्यांचा ताळेबंद

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. २०२४ मध्ये तो चालू असतानाच, १६ एप्रिलच्या पहाटे, भिवंडीच्या सरवली एमआयडीसीत लहान मुलांचे डायपर बनवणारा कारखाना पेटला. महिनाभराने, २३ मे रोजी, शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसं गेली. डोंबिवलीला ते नवीन नव्हतं. २६ मे २०१६ च्या प्रोबेस कंपनीतल्या स्फोटात तिथे बारा जण दगावले होते.

त्याच उन्हाळ्यात देशातली जंगलंही धुमसत होती. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे कर्मचारी होरपळून मेले. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या हंगामात उपग्रहांच्या मदतीने देशभरात २,०३,५४४ ज्वलनबिंदू टिपले. त्यांतले १६,००८ महाराष्ट्रातले. उत्तराखंड, ओडिशा, छत्तीसगड, आंध्र आणि लगेच आपण.

उन्हाळा संपला म्हणून आगी थांबल्या, असं मात्र झालं नाही. ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला, मान्सून पुरता माघारी गेलेला नसताना, भिवंडीतलं लॉजिस्टिक्सचं एक मोठं गोदाम रात्री पेटलं. आत हायड्रॉलिक ऑइल, कापड, प्लास्टिक आणि रसायनं, सगळं एकाच आवारात. जानेवारीत लॉस एंजेलिसच्या आगीची दृश्यं घराघरांत पोचली. ७ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या त्या आगींत सोळा हजारांहून अधिक बांधकामं गेली. आपल्याकडे ती दृश्यं बघताना 'अमेरिकेतसुद्धा असं होतं' यापुढे चर्चा गेली नाही.

मग १२ मे २०२५. वडपे गावच्या हद्दीतलं गोदामांचं एक मोठं कंपाऊंड पहाटे पेटलं आणि एकाला लागून एक अशी बावीस गोदामं खाक झाली. त्यात काय होतं याची यादी वाचण्यासारखी आहे: रसायनं, छपाईची यंत्रं, इलेक्ट्रॉनिक सामान, प्रोटीन पावडर, सौंदर्यप्रसाधनं, कपडे, चपला-बूट, मंडपाचं सामान. जीवितहानी झाली नाही, म्हणून बातमी दोन दिवसांत मागे पडली. सहाच दिवसांनी, १८ मेच्या पहाटे, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाचं कुटुंब आणि कामगार एकाच आवारात राहत होते. माग, सूत, गाठी, आणि त्यातच झोपलेली माणसं. भिवंडीतला कुठलाही लूमवाला ही मांडणी डोळे मिटून काढून दाखवील.

डोंगर का पेटतो

भिवंडी म्हटलं की बाहेरच्याला माग आणि ट्रक आठवतात. तालुक्याची दुसरी बाजू कमी लोकांनी पाहिली आहे. दुगाडजवळचा गुमतारा, वसईच्या हद्दीवरचा कामणदुर्ग, त्याला लागून तुंगारेश्वरचं अभयारण्य, पलीकडे शहापुरातला माहुली. हे सारं पानगळीचं जंगल. साग, ऐन, खैर, पळस. संक्रांत उलटली की सागाची पानं गळायला लागतात आणि फेब्रुवारीअखेर रानात पाय ठेवला की पापडासारखा आवाज येतो. पावसाळ्यात डोक्याएवढं वाढलेलं गवत तोवर वाळून सोनेरी झालेलं असतं. रात्री महामार्गावरून जाताना डोंगरावर लाल रेघ हळूहळू वर सरकताना दिसते. लांबून ती दिवाळीच्या रोषणाईसारखी वाटते.

ही आग आपोआप लागत नाही. आपल्या भागात वीज पडते ती वळवाच्या पावसाबरोबर, आणि पाऊस तिला विझवतो. बाकी सारी आग माणसाच्या हातची. कोणी गवत जाळतो, कारण जाळलं की पुढच्या वर्षी हिरवं आणि लुसलुशीत येतं अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. कोणी ससा, रानडुक्कर उठवायला जाळतो. कोणी बिडीचं थोटूक टाकतो, कोणी ट्रेकला जाऊन चूल मांडतो आणि तशीच सोडून येतो. आणि कोणाच्या हातून राबाची आग निसटते.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकासाठी जरा जवळून सांगायला हवं. भाताची रोपं जिथे करायची तो शेताचा तुकडा शेतकरी उन्हाळ्यात भाजून घेतो. आधी शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक मातीची चादर. मग वाऱ्याची दिशा बघून, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवायचं, म्हणजे आग पळत नाही, धुमसत मागे मागे सरकते. माती आतून भाजते, तणाचं बी मरतं, राख खत होते. मृगाच्या पावसात त्या काळ्या चौकोनात बी टाकलं की रोप तरारून येतं. ठाण्यातल्या शेतीचा हा एवढा जिव्हाळ्याचा विषय होता की इंग्रज सरकारने राबासाठी जंगल तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यात असंतोष उसळला. त्यातून मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

राब भाजणाऱ्याला आग वापरता येत होती, हे इथे ध्यानात घ्यायचं. बांधालगतचं गवत आधी खरडून काढायचं, वारा पडल्यावर पेटवायचं, विझेपर्यंत हलायचं नाही, ही त्याची शिस्त. वणवा होतो तो ही शिस्त सुटते तेव्हा. आणि एकदा आग उताराला लागली की तिला माणूस आवरू शकत नाही. ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवत जातात, म्हणून चढावर आग पळते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जगभरच्या आग विझवणाऱ्यांचा अडाखा आहे.

आपल्याकडचा वणवा कॅलिफोर्नियासारखा शेंड्यांवरून झेपावत नाही, जमिनीवरून चालतो. मोठी झाडं बुंध्याला काळी होऊन वाचतात. म्हणून डोंगर जळला तरी जंगल उभंच दिसतं आणि आपण निश्चिंत होतो. जळतं ते खालचं: दोन वर्षांची रोपं, लाव्या-तितरांची अंडी, सरडे, कासवं, मातीवरचा पाचोळ्याचा थर. पुढच्या पावसात उघडी माती वाहून जाते. जंगल एका रात्रीत मरत नाही, त्याचं तरुण मूल दरवर्षी मरतं.

एक कोरी पट्टी

यावर वनखात्याकडे जो उपाय आहे तो इतका साधा आहे की त्याला उपाय म्हणायलाही संकोच वाटावा. त्याला जाळरेषा म्हणतात. जंगलाच्या हद्दीवर, रस्त्यालगत, दोन कंपार्टमेंटच्या, म्हणजे वनखंडांच्या, मधे काही मीटर रुंदीची पट्टी गवत कापून, पाला ओढून, उरलेलं देखरेखीखाली जाळून कोरी करायची. आग आली की तिथपर्यंत येते आणि खायला काही नाही म्हणून थांबते. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. जाळरेषा त्याच्या आधी काढून व्हाव्या लागतात. हंगामात रोजंदारीवर राखणदार ठेवले जातात. आग लागली की ओल्या फांद्यांनी झोडपणं हा जुना मार्ग, हल्ली पाला उडवणारे ब्लोअर आले आहेत. तेही करतात तेच, आगीपुढे कोरी पट्टी तयार करतात.

सगळीकडे हे नीट होतं असं नाही. निधी उशिरा येतो, मजूर मिळत नाहीत, पट्टी कागदावर सहा मीटर आणि जागेवर दोन मीटर भरते. पण विचार पक्का आहे. ठिणगी पडणारच, ती कोण टाकेल आणि कधी टाकेल हे आपल्या हातात नाही. ती पडल्यावर किती दूर जाईल, हे मात्र आपल्या हातात आहे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही हाच विचार आहे. आगीचा धोका असलेल्या भागात घराभोवती शंभर फुटांपर्यंतचं झाडझुडूप विरळ ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. सोसाट्याच्या वाऱ्यात तेही पुरत नाही, हे २०२५ च्या जानेवारीने दाखवलं. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात तर आग ऐन भरात असताना रस्त्यावरचे हायड्रंट कोरडे पडले. पण तिथे निदान मोकळी जागा किती हवी, हा प्रश्न तरी विचारला जातो.

वावराचं गोदाम कसं झालं

आता डोंगर उतरून खाली येऊ. भिवंडीभोवती एवढी गोदामं का, याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर जकात. मुंबईत माल शिरला की पालिकेची जकात भरावी लागे. मग माल मुंबईच्या वेशीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्याचं गणित. वेशीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर, नाशिक महामार्गावर, अहमदाबाद महामार्गाला आणि न्हावाशेव्याच्या बंदराला जोडलेली आणि स्वस्त अशी जमीन भिवंडी तालुक्यात होती. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा, मानकोली, सोनाळे, वडपे. भाताची वावरं भरावाखाली गेली आणि त्यांवर पत्र्याचे गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. राज्याराज्यांतली छोटी कोठारं बंद करून एकच मोठं ठेवणं आता कंपन्यांना परवडू लागलं आणि घरपोच मालाच्या धंद्याने उरलेली जागा भरली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्याचं मुंबईकडचं टोक आमणे, तेही भिवंडी तालुक्यातलंच. म्हणजे हा पट्टा अजून वाढणार.

ही वाढ झाली तेव्हा नकाशा मागे राहिला. गोदामं होती ग्रामपंचायतींच्या हद्दीत. अनेक शेड ग्रामपंचायतीच्या सही-शिक्क्यावर उभ्या राहिल्या. पुढे तालुक्यातल्या साठ गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे गेलं, तोवर बरंच काही बांधून झालं होतं. बांधकामाचा हा बेबंदपणा आगीपुरताच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि तीसहून अधिक माणसं ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती.

एखाद्या जुन्या कंपाऊंडमध्ये चालत गेलात तर जाळरेषेचा अर्थ उलट्या बाजूने कळतो. पुढे ट्रक लागण्यापुरता रस्ता. दोन्ही बाजूंना गाळ्यांची रांग, दोन गाळ्यांमधे एकच विटेची भिंत, वर सलग पत्रा. भिंत छपरापर्यंत गेलेली नसते, वर हातभर फट असते. आग खालच्या मालापेक्षा आधी त्या फटीतून पलीकडे डोकावते. दोन रांगांच्या पाठीमागे जी बोळकांडी सोडलेली असते, तिथे रिकामे खोके, तुटके लाकडी पॅलेट, प्लास्टिकच्या गुंडाळ्या, भंगारवाला येईपर्यंत साठवलेला पुठ्ठा. नकाशावर ती मोकळी जागा आहे. प्रत्यक्षात ती वात आहे. वणव्यात सागाचा पाचोळा जे काम करतो तेच काम इथे पुठ्ठा करतो.

जळतं काय

भिवंडीची मूळची आग कापसाची. सहा लाखांच्या घरात माग, असा आकडा इथे नेहमी सांगितला जातो. मागाच्या खोलीत हवेत तंतू तरंगतात, ते तुळईवर, पंख्यावर, वायरींवर बसतात. आठवडाभर झाडलं नाही तर सगळीकडे पांढरी लव आलेली दिसते. एखादी ठिणगी त्या लवेवरून छताखालून धावत सुटते. पण सुताच्या गाठीची आग वेगळी: ती बाहेरून विझते आणि आतून धुमसत राहते. पाणी गाठीच्या आत शिरत नाही. गाठ फोडून, पसरून, पुन्हा पाणी मारावं लागतं. जवानांचे दोन-दोन दिवस त्यातच जातात.

गेल्या पंचवीस वर्षांत जळणाची जात बदलली. कापसाबरोबर पॉलिएस्टर आलं, प्लास्टिक आलं, फोम आला, परफ्यूम आणि सॅनिटायझर आले. किलोभर कापूस जळून जेवढी उष्णता देतो त्याच्या सुमारे अडीचपट किलोभर पॉलिप्रॉपिलिन देतं. ज्या डायपरच्या कारखान्यापासून हा ताळेबंद सुरू झाला, त्याच्या मालातही हेच असतं. साधारण साडेपाचशे ते सहाशे अंशांवर पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि गोदामाच्या आगीत एवढं तापमान सहज गाठलं जातं. मग छताची कैची वाकते, पत्रा खाली बसतो, आणि पेटलेला माल त्या पत्र्याखाली झाकला जातो. वरून मारलेलं पाणी पत्र्यावरून ओघळून जातं. शेवटी जेसीबीने पत्रा ओढून काढावा लागतो. भिवंडीत बंबामागोमाग जेसीबी दिसतो, तो यासाठी.

त्याहून घातक आहे शेजार. एका गाळ्यात बिस्किटं, शेजारी थिनर. वर चपला, खाली ब्लीचिंग पावडर. भाड्याने देणाऱ्याला भाड्याशी मतलब, घेणाऱ्याला जागेशी. 'फोर्ट स्टिकिन'च्या पोटात शेकडो टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजावर कापसाच्या गाठी भरल्या होत्या. आग कापसात लागली, तिने नंतर स्फोटकं गाठली. काय कशाशेजारी ठेवू नये, हा धडा मुंबईने ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या जवानांचे प्राण देऊन घेतला. त्या जवानांच्या नावाने आपण दर एप्रिलला सप्ताह पाळतो, आणि वडप्यातल्या त्या बावीस गोदामांत रसायनांच्या आवारातच मंडपाचं सामान ठेवतो.

कागद जळत नाही

कायदा नाही असं म्हणायची सोय नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. इमारतीत आग विझवण्याची यंत्रणा ठेवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी, असं तो स्वच्छ सांगतो. यंत्रणा चालू आहे याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', वर्षातून दोनदा द्यायचं, जानेवारीत आणि जुलैत. जानेवारी हा महिना बघा. आगीच्या हंगामाच्या तोंडावर, नेमका जाळरेषा काढण्याचा काळ. कायदा करणाऱ्याच्या मनात ते असो वा नसो, वेळ अचूक साधली आहे.

अडतं ते अंमलात. गोदाम ग्रामपंचायत हद्दीत, ग्रामपंचायतीकडे अग्निशमन दल नाही. आग लागली की भिवंडी महापालिकेचा बंब जातो, मग ठाणे, कल्याण, उल्हासनगरहून कुमक मागवली जाते. मानकोलीच्या कोंडीतून ती वाट काढत येईपर्यंत रांगेतला तिसरा गाळा गेलेला असतो. जागेवर पाण्याची टाकी नसेल तर बंब रिकामा झाला की भरायला जायचं आणि परत यायचं. मुंबईला पाणी पुरवणारं पिसे-पांजरापूर इथलंच, मोठमोठ्या जलवाहिन्या तालुक्यातून जातात, आणि आग लागलेल्या गोदामापाशी बंब टँकरची वाट बघत उभा असतो.

पंचनाम्यात शेवटी एकच शब्द लिहिला जातो: शॉर्टसर्किट. तो खरा असेलही. पण शॉर्टसर्किट म्हणजे ठिणगी. ठिणगीने एक गाळा जळतो. बावीस गाळे जळतात ते मधे कोरी पट्टी नसते म्हणून, आणि तो रकाना पंचनाम्यात नाही.

मोजलं तेच दिसतं

वणव्याच्या बाबतीत आपण निदान मोजतो. उपग्रह वरून जातो, जमिनीवर ताप दिसला की नोंद होते, ती वन सर्वेक्षण संस्थेकडून त्या त्या भागातल्या वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर संदेश म्हणून पोचते. उपग्रहाला सागाचं रान आणि पत्र्याचं गोदाम यांतला फरक कळत नाही, तो नुसता ताप टिपतो. फरक खाली, माणसं करतात. जंगलाच्या हद्दीत असेल तर इशारा, बाहेर असेल तर सोडून द्यायचं. दुसरीकडे, देशात दरवर्षी आगींचा जो सरकारी अहवाल निघतो त्याचं नावच अपघाती मृत्यूंचा अहवाल. वडप्यासारख्या आगीत कोणी मेलं नाही, म्हणजे त्या हिशेबात ती आग लागलीच नाही.

म्हणून भिवंडीत गेल्या दहा वर्षांत किती गोदामं जळली, त्यांतली किती दुसऱ्यांदा, कुठल्या महिन्यात, किती वाजता, यांचा नकाशा भिंतीवर लावून बसलेला अधिकारी तुम्हाला भेटणार नाही. तसा नकाशा असता तर डोंगरासारखाच इथलाही हंगाम, इथल्याही ठरलेल्या वाटा दिसल्या असत्या. या ताळेबंदातल्या भिवंडीच्या तिन्ही आगी अंधारातच लागल्या. शटर बंद, आत कोणी नाही, बाहेर एक वॉचमन आणि त्याच्या हातात दांडकं.

राखणदार कोण

वणव्याच्या गोष्टीत अजून एक धडा आहे, तो विदर्भातून येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता हे तिथलं हमखास उत्पन्न. पण चांगला पाला फुटावा म्हणून आग लावली जाते, फांद्या छाटल्या जातात, हे बघून ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या वनहक्काची कथा त्याआधीची. या गावांत राखण फुकट होते, कारण जंगल आपलं आहे हे तिथे ठरलेलं आहे.

गोदामाच्या बाबतीत 'आपलं' म्हणणारा सापडत नाही. जमीन एकाची, शेड दुसऱ्याची, भाडेकरू तिसरा, त्याने अर्धी जागा दिलेला पोटभाडेकरू चौथा, माल पाचव्या कंपनीचा आणि विमा सहाव्याचा. आग लागली की नुकसान प्रत्येकाने आधीच दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेलं असतं. उरतो तो हमाल, माथाडी, पॅकिंग करणारी मुलगी. त्यांचा दुसऱ्या दिवशीचा रोज जातो. त्याचा विमा कोणीच काढलेला नसतो. राखणदार खरं तर यांच्यातून यायला हवा, कारण कुठल्या गाळ्यात काय ठेवलंय आणि मागची बोळ कधीपासून तुंबली आहे, हे यांनाच माहीत असतं.

निष्कर्ष

साऱ्या तेरा महिन्यांचा अर्थ लावायचा तर उष्ण वर्षाला दोष देऊन भागणार नाही. उन्हाने डोंगर वाळतो, पण ऑक्टोबरातलं गोदाम उन्हाने पेटलं नव्हतं. आगी लागत राहणार हे धरून चालावं आणि एक आग एका गाळ्यात थांबेल अशी जागा आखावी, एवढंच मागणं आहे. त्यासाठी नवा कायदा नको. जुन्या कंपाऊंडमध्ये ठरावीक गाळ्यांनंतर एक गाळा पाडून मोकळा ठेवणं, मधली भिंत छपराच्या वर नेणं, आवाराच्या तोंडाशी कुठल्या गाळ्यात काय आहे याची पाटी आणि पाण्याची भरलेली टाकी, पडघा आणि मानकोलीच्या बाजूला कायमचं अग्निशमन केंद्र, आणि प्रत्येक आगीची नोंद, माणूस मेलेला असो वा नसो. एक गाळा पाडायचा म्हणजे भाडं बुडालं, हे खरं. पण वडप्यात एका पहाटेत बावीस गाळ्यांचं भाडं बुडालं.

डोंगरावर धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, खाली दिसला तर १०१. पण फोन ही शेवटची पायरी. त्याआधीची पायरी जानेवारीतली आहे. ज्यांचा गाळा आहे, माग आहे, किंवा ज्यांचा मुलगा अशा गाळ्यात कामाला जातो, त्यांनी फॉर्म बी दिला जाण्यापूर्वी एकदा गोदामाच्या पाठीमागे जाऊन उभं राहावं. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत पुठ्ठ्यावर, पॅलेटवर पाय न देता चालत जाता आलं, तर तुमची जाळरेषा आहे. नाही आलं, तर तो कागद खोटा आहे.